ड्युअल क्लच गाडी धक्के देते? गिअरबॉक्स उघडण्याआधी काय काय बघायचं

"सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. गिअरबॉक्स गेला का?" ओळखीत कुणी नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली की दोन-चार महिन्यांत हा फोन मला येतोच. बहुतेक वेळा गिअरबॉक्स गेलेला नसतो. पण माणूस घाबरून गॅरेजात जातो, तिथे सांगतील त्याला मान डोलावतो आणि थोडक्यात भागणारं काम लाखावर जातं. म्हणून हा लेख. डीसीटीचं, म्हणजे ड्युअल क्लच ट्रान्समिशन या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, दुखणं शोधताना स्वस्तापासून महागाकडे जायचं, मधली पायरी गाळायची नाही आणि प्रत्येक पायरीचा कागद हातात घ्यायचा, एवढं एक सूत्र धरून मी पुढचं सगळं लिहितो आहे.

गाडी डीसीटीच आहे ना?

क्लचचं पेडल नाही म्हणजे 'ऑटोमॅटिक', एवढंच आपल्याला शोरूममध्ये कळतं. पण छोट्या गाड्यांत चार जातींचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतात आणि चौघांची दुखणी वेगळी. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. त्याचा एकुलता एक क्लच माणसाऐवजी यंत्र दाबतं, आणि गिअर बदलताना मान पुढे झुकते ती याच जातीत. सीव्हीटीत पायऱ्यापायऱ्यांचे गिअरच नसतात, पट्टा आणि पुल्या असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. डीसीटीत दोन क्लच असतात.

फोक्सवॅगन आणि स्कोडा याला डीएसजी म्हणतात, ह्युंदाई आणि किया डीसीटी, टाटा डीसीए, आणि फोर्ड पॉवरशिफ्ट म्हणत असे. पण मॉडेलच्या नावावर विसंबू नका. पूर्वी चाकणला बनणाऱ्या पोलोचंच बघा: २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी होता, आणि २०२० नंतरच्या १.० लिटर ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर. टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया यांतही १.० इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ ला डीएसजी अशी विभागणी झाली. इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिक २०१३ ते २०१७ पर्यंत पॉवरशिफ्ट, त्यानंतर टॉर्क कन्व्हर्टर. २०२३ च्या नव्या नेक्सॉनमध्ये पेट्रोलला एएमटीही मिळाली आणि डीसीएही. व्हेन्यू आणि सोनेटमध्ये डीसीटी येते ती १.० टर्बो पेट्रोलला. त्यामुळे गाडीची पुस्तिका उघडा आणि आपला नेमका व्हेरिअंट कुठला ते बघून घ्या. एएमटीचा इलाज डीसीटीवर करायला निघालेला मेकॅनिक मी पाहिला आहे.

दुसरा प्रश्न, क्लच कोरडा की तेलातला? पोलो जीटीचा सात गिअरचा डीएसजी, व्हेन्यू-सोनेटचा डीसीटी, फोर्डचा पॉवरशिफ्ट हे सगळे कोरड्या क्लचचे. २०२२ मध्ये आलेल्या अल्ट्रोझ डीसीएचा क्लच तेलात बुडालेला असतो. हा फरक पुढे जागोजागी कामाला येणार आहे.

आत काय चालतं

एका वाड्यात दोन बिऱ्हाडं, तसे एका पेटीत दोन मॅन्युअल गिअरबॉक्स. एक दांडा पोकळ आणि दुसरा त्याच्या पोटातून गेलेला. एका दांड्यावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर; दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. रिव्हर्सही एका बाजूला असतो, पोलोच्या डीएसजीत तो सम बाजूला आहे. प्रत्येक दांड्याला स्वतःचा क्लच. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा दुसऱ्या दांड्यावर आधीच लागून तयार असतो. बदलाच्या क्षणी एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा पकडतो. ताकद तुटत नाही, म्हणून हायवेवर गिअर कधी बदलला ते कळतही नाही.

अडचण सुरू होते ताशी पाच-दहा किलोमीटरवर. इतक्या कमी वेगात पहिल्या गिअरलासुद्धा क्लच पूर्ण जोडता येत नाही, जोडला तर इंजिन बंद पडेल. मग तो घसरत राहतो. मॅन्युअल गाडी घाटात अर्ध्या क्लचवर धरून ठेवली की जळका वास येतो, तेच इथे यंत्र करत असतं, फक्त पेडल आपल्या पायाखाली नाही म्हणून आपल्याला जाणवत नाही. कोरड्या क्लचला थंड करायला भोवतालच्या हवेखेरीज काही नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर मे महिन्यातल्या संध्याकाळी, पन्नास मिनिटं रांगत, ती हवा किती थंड असणार?

मग कंपन्यांनी कोरडा क्लच लावलाच का? तो हलका असतो, त्याला तेल ढवळण्यात ताकद घालवावी लागत नाही, आणि छोट्या इंजिनाला तो पुरतो. फोक्सवॅगनचा हा सात गिअरचा कोरडा बॉक्स, ज्याला वर्कशॉपमध्ये डीक्यू२०० म्हणतात, छोट्या टॉर्कच्या इंजिनांसाठी आहे. २५० न्यूटन-मीटर ही त्याची मर्यादा. तेलातला क्लच ताप जास्त सोसतो, पण त्याचं तेल मळतं आणि वेळेवर बदलावं लागतं.

आणखी एक भेद. क्लच दाबायचं काम डीएसजीत तेलाच्या दाबावर होतं: छोटा पंप, दाब साठवणारी डबी, झडपा आणि त्यांवर बसलेला संगणक. हे सगळं मिळून मेकाट्रॉनिक. फोर्ड आणि ह्युंदाईच्या कोरड्या डीसीटीत तेच काम विजेच्या मोटारी करतात. म्हणून एकीकडे दाब गेल्याची तक्रार येते, दुसरीकडे मोटार, वायरिंग आणि कंट्रोल मॉड्यूलची, म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाची.

पहिली पायरी: आठवडाभर वही

गॅरेजला जाण्याआधी सात दिवस लिहा. धक्का बसला तेव्हा गाडी थंड होती की गरम, कुठल्या गिअरमधून कुठल्या गिअरमध्ये जात होती, सपाटीवर की चढावर, रिव्हर्समध्येही होतं का, पडद्यावर कुठलं चिन्ह आलं, निघून किती मिनिटं झाली होती. चिन्ह आलं तर गाडी सुरक्षित जागी थांबवून फोटो काढा. या वहीचं मोल फार आहे, कारण लक्षणाची वेळच दुखण्याची जागा सांगते.

सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा थरथरते आणि मग शांत होते, असं असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात कोकणात गाडी तीन आठवडे उभी राहिली की कोरड्या क्लचवर हलका गंज धरतो आणि पहिल्या काही सुटण्यांत तो झडून जातो. नंतरही थरथर राहिली तर मात्र नोंद करा.

थंड असताना ठीक आणि तासाभराच्या ट्रॅफिकनंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर, हे क्लच तापल्याचं किंवा झिजल्याचं लक्षण. निघताना फक्त पहिल्याला थरथर असेल तर विषम बाजूच्या क्लचकडे बघायचं. रिव्हर्स आणि दुसऱ्याला असेल तर डीएसजीत सम बाजूच्या. एके दिवशी रिव्हर्स आणि सगळे सम गिअर एकदम नाहीसे झाले आणि गाडी पहिला-तिसरा-पाचवा असं चालू लागली, तर एक अख्खी बाजू संगणकाने बंद केली आहे असं समजा. हा गिअरबॉक्सचा स्वतःला वाचवायचा मार्ग आहे. अशा गाडीने घर गाठता येतं, पण सहलीला निघू नये.

कुठलाही गिअर न लागणं, चिन्ह लुकलुकणं आणि गाडी जागेवरून न हलणं ही वेगळी गोष्ट. तो बहुधा दाबाचा, विजेचा किंवा कंट्रोल मॉड्यूलचा बिघाड असतो. गाडी ओढत नेऊ नका, सपाट ट्रकवर चढवून न्या.

आणि एक आवाज: इंजिन बंद करताना किंवा चालू करताना खालून खडखड, पण चालताना काही नाही. तिथे क्लचपेक्षा फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधल्या जड चाकावर, संशय घ्यायचा.

दुसरी पायरी: गिअरबॉक्स नसलेल्या गोष्टी

सगळ्यात आधी बारा व्होल्टची बॅटरी. डीसीटीचा संगणक, पंप, मोटारी सगळे विजेवर जगतात. व्होल्टेज खाली गेलं की ते चुकीच्या खुणा देऊ लागतात आणि दोष गिअरबॉक्सवर येतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी साधारण १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ किंवा त्याखाली असेल तर बॅटरीची भारासह चाचणी करून घ्या. सोबत तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर साफ व घट्ट आहे का तेही बघा.

माझ्या स्वतःच्या गाडीचा प्रसंग सांगतो. गिअर लागेना, पडद्यावर गिअरबॉक्सची सूचना. पहिल्या वर्कशॉपने गाडी पाहून दहा मिनिटांत अख्खं युनिट बदलायचा अंदाज हातात ठेवला. आकडा बघून मी रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी एका जुन्या मेकॅनिकने फक्त मीटर लावला. बॅटरी साडेचार वर्षांची होती आणि स्टार्ट करताना कोसळत होती. नवी बॅटरी बसवली, संगणकात साठलेले दोषांचे जुने कोड पुसले, आणि तो दोष परत आला नाही. तेव्हापासून मी कुणालाही आधी बॅटरीच विचारतो.

त्यानंतर इंजिनाची माउंटिंग, म्हणजे ते ज्यांवर बसतं ते रबरी आधार. रबर फाटलं की गाडी सुटताना इंजिन हलतं आणि आपल्याला तो गिअरचा धक्का वाटतो. पायरी चढल्यासारखा एकच ठोका बसत असेल, विशेषतः डी आणि आर बदलताना, तर माउंटिंग आधी बघा.

तिसरं, स्पार्क प्लग आणि कॉइल. टर्बो पेट्रोल गाडीत एक सिलिंडर अधूनमधून चुकला तरी थरथर येते. ओळखायची खूण अशी: ताशी साठ-सत्तरला, वरच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर येत असेल तर तिथे क्लच पूर्ण जोडलेला असतो, म्हणून संशय इंजिनावर. क्लचची थरथर मुख्यतः सुटताना आणि रांगताना येते.

तिसरी पायरी: स्कॅनर, आणि त्याचा कागद

आता गाडी स्कॅनरला लावायची. रस्त्याकडेच्या साध्या स्कॅनरला बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड दिसतात. गिअरबॉक्सच्या संगणकात शिरणारं यंत्र हवं. कोडची पूर्ण यादी छापून किंवा फोटो काढून घ्या, आणि कोड पुसण्याआधी घ्या. पुसून मग "काहीच नव्हतं" असं सांगितलं तर तुमच्या हातात काही उरत नाही.

कोरड्या डीएसजीत दोन कोड वारंवार भेटतात. पी१७बीएफ म्हणजे हायड्रॉलिक पंपाने जास्त चालून स्वतःला थांबवलं. पी१८९सी म्हणजे दाब पुरेसा तयार होत नाही म्हणून काम मर्यादित केलं. दोन्हींचं मूळ अनेकदा एकच: दाब साठवणारी डबी, किंवा ती जिथे बसते तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या घराला गेलेला तडा. तड्यातून मेकाट्रॉनिकचं तेल गळतं, आणि ते तेल असतंच जेमतेम एक लिटर. थोडं गेलं तरी पंप हवा पिऊ लागतो.

कोडबरोबर आणखी काही विचारा: क्लचचं तापमान किती वेळा मर्यादेबाहेर गेलं याची नोंद, दोन्ही क्लच कुठे पकडतात याचे संगणकाने शिकलेले बिंदू, आणि झीज किती दाखवते. सगळ्या गाड्यांत हे सगळं दिसत नाही, पण दिसतं तिथे अंदाजपंचे बोलणं थांबतं.

चौथी पायरी: सॉफ्टवेअर आणि अडॅप्टेशन

क्लच झिजत जातो तसा तो पकडायचा बिंदू सरकतो. मॅन्युअल गाडीत आपला पाय हे आपोआप शिकतो. इथे संगणकाला शिकावं लागतं, आणि कधी त्याचं शिकलेलं चुकतं. ते पुसून पुन्हा शिकवायचं काम म्हणजे अडॅप्टेशन. बॅटरी बदलल्यावर, क्लच किंवा मेकाट्रॉनिकचं काम झाल्यावर, आणि थरथर नवी नवी असताना हे करून बघण्यासारखं आहे. बॅटरीला चार्जर लावून, गिअरबॉक्स कंपनीने सांगितलेल्या तापमानात आणून, मधे न तोडता पूर्ण करावं लागतं. नंतर चाचणी फेरी घ्यायचीच. थरथर पूर्ण गेली तर उत्तम. पंधरा दिवसांत तशीच परत आली, तर क्लचच झिजला आहे. पुन्हा पुन्हा अडॅप्टेशन करण्यात पैसे घालू नका.

सॉफ्टवेअरचं नवं रूप उपलब्ध आहे का, आणि तुमच्या चासी नंबरवर एखादी मोफत दुरुस्ती मोहीम बाकी आहे का, हेही याच वेळी विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला हे तपासता येतं.

पाचवी पायरी: तेल

इथे गोंधळ फार होतो. तेलातल्या क्लचला तेल हे रक्त आहे. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या तेलातल्या डीएसजीला दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायला सांगतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा आणि पाळा. कोरड्या क्लचच्या बॉक्समध्ये मात्र तेल क्लचला लागतच नाही, ते फक्त गिअरच्या दातऱ्यांसाठी. "तेल बदला, थरथर जाईल" असं कुणी कोरड्या क्लचबद्दल सांगितलं तर नम्रपणे नको म्हणा.

डीक्यू२०० मध्ये दोन वेगळी तेलं आहेत: गिअरच्या बाजूला साधारण १.७ लिटर, मेकाट्रॉनिकमध्ये साधारण एक लिटर. दोन्ही एकत्र करायची नाहीत. तेलाची जात किती महत्त्वाची याचा मोठा दाखला याच बॉक्सचा आहे. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्यातल्या सिंथेटिक गिअर तेलामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो असं आढळलं. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये जवळपास ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या १६ लाख गाड्यांत ते तेल काढून खनिज तेल भरायचं जाहीर केलं. त्या काळातली डीएसजी जुन्या बाजारात बघत असाल, तर हे काम झालं का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उष्ण, दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी रहदारी हे वर्णन मुंबईलाही तंतोतंत लागू पडतं.

सहावी पायरी: आता उघडायचं

इथवर येऊनही दोष कायम असेल तर खर्चाची तयारी ठेवा, पण काय उघडताय ते नेमकं ठरवून.

क्लच पॅक झिजला असेल तर पूर्ण संच बदलतात, एकच तबकडी नाही. कोरड्या डीएसजीचा क्लच ओढून काढायला आणि बसवताना अंतर मोजायला खास हत्यारं लागतात. ती हत्यारं आहेत का, हे गॅरेजात उघड विचारा. हातोडीने बसवलेला नवा क्लच जुन्यापेक्षा लवकर मरतो. क्लच काढलाच आहे तर आतल्या दांड्याचं सील आणि फ्लायव्हील तपासून घ्या. पुन्हा तेवढीच मजुरी द्यायची वेळ येऊ नये.

फोर्डच्या पॉवरशिफ्टमध्ये सील हाच मोठा दोष निघाला. इनपुट शाफ्टच्या, म्हणजे त्याच आतल्या दांड्याच्या, सीलमधून तेल झिरपून कोरड्या क्लचवर यायचं, आणि तेलकट क्लच थरथरणारच. दुसरा दोष कंट्रोल मॉड्यूलचा. अमेरिकेत फिएस्टा आणि फोकससाठी कंपनीला क्लच आणि सीलची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैल, आणि मॉड्यूलची १० वर्षं किंवा दीड लाख मैल अशी वाढवावी लागली. ज्यांच्याकडे अजून ही गाडी आहे त्यांनी नुसता क्लच बदलून थांबू नये. जुनं सील तसंच राहिलं तर नवा क्लचही तेल पिईल.

मेकाट्रॉनिकचा दोष असेल तर तीन वाटा: नवं युनिट, दुरुस्त केलेलं युनिट, किंवा आपलंच युनिट उघडून दाबाची डबी बदलणं आणि तडा गेलेल्या जागी मजबुतीची प्लेट बसवणं. वॉरंटी असेल तर पहिली वाट, प्रश्नच नाही. नसेल आणि दोष फक्त दाबाच्या डबीपाशी असेल, तर तिसरी वाट जाणत्या हातात चांगली चालते. संगणकाची पाटीच जळली असेल तर ही तिसरी वाट धरू नका. सेकंडहँड युनिट तुमच्या गाडीला कोडिंगशिवाय चालत नाही, म्हणून "भंगारातून काढून बसवतो" या शब्दावर पैसे देऊ नका.

गाडी तापली तर, आणि तापू नये म्हणून

ट्रान्समिशन तापल्याची सूचना आली की बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, पी मध्ये टाका आणि इंजिन चालू राहू द्या. बॉनेट उघडून पाणी मारायचं नाही. सूचना गेल्यावर आणखी काही मिनिटं थांबून निघा. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडून रांग लागली होती तेव्हा मी असाच वीस मिनिटं थांबलो. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू द्यावेत.

सवयींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण क्लचचं आयुष्य इथेच ठरतं.

रांगेत पुढच्या गाडीला चिकटून सरकू नका. दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदा नीट सुटा, पुढे जा, पूर्ण थांबा. दहा वेळा एकेक फूट सरकण्यापेक्षा एकदा दहा फूट जाणं क्लचला कितीतरी हलकं.

थांबताना ब्रेक नीट दाबा. ब्रेक पुरता दाबला की क्लच सुटतो, म्हणून छोट्या सिग्नलला एन मध्ये टाकायची गरज नाही. पाय अर्धवट ठेवून गाडी हळूहळू रांगवत राहिलात तर क्लच घसरत राहतो. हे वाईट.

चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं कायमचं सोडा. ऑटो होल्ड (ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर लावा, नसेल तर हँडब्रेक. पसरणीसारख्या घाटात रांग लागली तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर ठेवा, म्हणजे गाडी दर दहा फुटांना दुसरा लावायला जाणार नाही. उतारावर त्याच मोडमध्ये खालचा गिअर धरा, ब्रेकही वाचतील.

सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग हा शहरातला छुपा शत्रू आहे. रॅम्पवर मधे थांबून, वर गाडी येते का बघत, पुन्हा इंचाइंचाने चढणं क्लचला घाटापेक्षा जड जातं. वर मोकळं आहे हे बघून एका दमात चढा. रिव्हर्सने चढ चढायची वेळ येत असेल तर शक्य असल्यास पार्किंगची दिशाच बदला.

डी आणि आर मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबलेली असू द्या. उतारावर लावताना आधी हँडब्रेक, मग पी. नाहीतर गाडीचं वजन पी च्या छोट्या खिट्टीवर येतं.

वॉरंटी आणि जॉब कार्ड

थरथर तोंडी सांगू नका. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या कागदावर, तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: "गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर, ४० मिनिटांच्या ट्रॅफिकनंतर." टेक्निशियनला शेजारी बसवून फेरी मारा आणि ती मारल्याची नोंदही करून घ्या. "सगळ्याच गाड्यांत असतं" असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा. दोष वॉरंटीत नोंदला गेला असेल तर वॉरंटी संपल्यावरही तुमचं म्हणणं उभं राहतं.

चालकाच्या सवयीवर ढकलणं किती दूर जाऊ शकतं, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. पॉवरशिफ्टवाल्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या मालकांना थरथर त्यांच्या चालवण्यामुळे आहे असं सांगितलं गेलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे तुमची वही, कोडचे फोटो आणि जॉब कार्ड हेच बोलतात.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? कोरड्या डीसीटीला, रोजचा रस्ता तुंबलेला असेल तर, माझं उत्तर निःसंशय हो. फक्त त्यात क्लच 'झिजणारा भाग' म्हणून वगळलाय का, ती ओळ आधी वाचा.

जुनी डीसीटी घेताना

विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे याची खात्री करा. थंड स्टार्ट, मग आर, डी, आर असं दोनदा, प्रत्येक वेळी पूर्ण थांबून. गिअर लागायला किती वेळ जातो ते बघा. मग किमान पाऊण तास चालवा आणि त्यातला अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये. गाडी गरम झाली की एखाद्या हलक्या चढावर थांबून सुटा, पाच वेळा, आणि एकदा रिव्हर्समध्ये तोच चढ चढा. थरथर असेल तर इथे लपत नाही. शेवटी स्कॅनर लावा. सगळे कोड एकाच दिवशी, त्याच सकाळी पुसलेले दिसले, तर गाडी परत लावून किल्ली देऊन या.